इंजिन उतरवण्याआधी : ठाणे-नवी मुंबईत घरची प्रोजेक्ट कार तयार करणाऱ्यांसाठी

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी हमखास दिसते. चाकांतली हवा गेलेली, बोनेट भिंतीला टेकवलेलं, इंजिनाची जागा रिकामी. मालकाशी बोललात तर कळतं, पैसे कमी पडले असं क्वचितच झालेलं असतं. जुनं इंजिन फार लवकर उतरवलं आणि तिथेच काम अडलं. चालती गाडी आरटीओपर्यंत, वेल्डरपर्यंत, वॉशिंगपर्यंत स्वतः जाते. इंजिन निघालं की तीच गाडी हलवायला प्रत्येक वेळी टोइंगवाला बोलवावा लागतो, आणि मग कामं पुढे ढकलली जातात.

म्हणून हा लेख जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवण्याबद्दल कमी आणि त्याआधीच्या तयारीबद्दल जास्त आहे. माझा एकच आग्रह आहे : नवीन इंजिन, त्याचे कागद, माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार), वायरिंग, पाइप हे सगळं हाताशी आल्याशिवाय जुन्या इंजिनाच्या एकाही बोल्टला पाना लावू नका.

उदाहरण म्हणून मी जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घेतली आहे. तिच्यात ऑल्टोचं ७९६ सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन घालायचं, असं धरू. नवख्याला ही जोडी झेपते. कंपनी एकच, इंधन एकच, दोन्हीकडे तीन सिलिंडर आणि क्षमताही ७९६ सीसीच. ८०० चं जुनं इंजिन साधारण ३७ बीएचपीचं, ऑल्टोचं बारा व्हॉल्व्हचं ४६ च्या आसपास. फरक ऐकायला लहान, पण ८०० सारख्या हलक्या गाडीला तो घोडबंदर रोडच्या गायमुख चढावर स्पष्ट जाणवतो. तुमची गाडी जिप्सी असो, पद्मिनी असो की झेन, पायऱ्या त्याच लागतात.

१. कायदा आधी, पाना नंतर

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि नेमका इथेच लोक फसतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती आणि कंपनीने मूळ ठरवलेली माहिती यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा सरळ अर्थ असा : ८०० मध्ये १३०० सीसीचं एस्टीमचं इंजिन घालून ती रोज पाम बीच रोडवर फिरवायची, हे स्वप्न रस्त्यासाठी बाद. तशी गाडी ट्रॅकसाठी किंवा खासगी जागेसाठी बांधायची असेल तर ती ट्रकवरून न्या-आणा आणि रस्त्यावर उतरवू नका. रस्त्यावरच चालवायची असेल तर त्याच कंपनीचं, त्याच इंधनाचं, त्याच क्षमतेचं इंजिन बघा. तेही गृहीत धरू नका. इंजिन खरेदी करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या, अर्जात दोन्ही इंजिनांची माहिती स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. खिडकीवरचा ‘होईल हो’ पुढे कामाला येत नाही. कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय येणार, हे अर्जात लपवू नका. तपासणीला आलेल्या निरीक्षकाला ते बोनेट उघडताच दिसणार आहे.

बदल झाल्यावर तो चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवावा लागतो. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या कार्यालयात करायचा : ठाण्याचं एमएच-०४, कल्याणचं एमएच-०५, वाशीचं एमएच-४३, पनवेलचं एमएच-४६. घणसोलीहून कासारवडवलीला राहायला गेलात आणि आरसीवर पत्ता जुनाच असेल, तर आधी तो बदलून घ्या. गाडी १५ वर्षांहून जुनी असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हेही आत्ताच बघा. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. ती चालती असतानाच हे उरकून टाका, म्हणजे तुमचा निम्मा भार हलका होतो.

२. कागदांची फाइल

एक प्लास्टिकची फाइल घ्या आणि तिच्यात हे लावत जा :

– मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी
– कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं किंवा फायनान्सवाल्याचं लेखी संमतीपत्र
– आरटीओला दिलेल्या अर्जाची पोच आणि मिळालेलं उत्तर
– नवीन इंजिनाचं बिल. त्यावर इंजिन नंबर, विकणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि तारीख
– ज्या गाडीतून इंजिन आलं तिच्या आरसीची प्रत, किंवा ती गाडी रीतसर मोडीत निघाल्याचा कागद
– विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
– तुमच्या गाडीच्या चेसिस नंबरचा आणि दोन्ही इंजिन नंबरांचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा)
– दोन्ही इंजिन नंबरांचे जवळून काढलेले, तारीख दिसणारे फोटो

बिलावर इंजिन नंबर नसेल तर ते बिल फक्त पैसे गेल्याचा पुरावा आहे. चोरीच्या गाड्या फोडून इंजिनं विकली जातात आणि असं इंजिन तुमच्याकडे सापडलं तर चौकशी तुमची होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. तिथे इंजिन नंबर किंवा चेसिस नंबर टाकून ते वाहन चोरीच्या नोंदीत आहे का, हे कुणालाही बघता येतं. पैसे देण्याआधी, दुकानात उभं राहूनच बघा आणि निकालाची प्रत फाइलला लावा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्यावर ताजा रंग मारलेला दिसला तर भाव कितीही चांगला असो, परत फिरा.

३. जागा

स्टिल्ट पार्किंगमध्ये काम करणार असाल तर सोसायटीच्या कमिटीकडे आधी अर्ज द्या. काय करणार, किती आठवडे, वेल्डिंग इथे करणार नाही, तेल सांडू देणार नाही, हे चार ओळींत लिहा. कमिटीला अचानक काही दिसलेलं आवडत नाही. आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी माणसं समजून घेतात. वेल्डिंग, ग्राइंडिंग, पेट्रोलची टाकी उघडणं ही कामं सोसायटीत करूच नका. वर माणसं राहतात आणि शेजारी इतरांच्या गाड्या असतात.

परवडत असेल तर वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यात कुणाच्या गाळ्याचा एक कोपरा दोन-तीन महिन्यांसाठी भाड्याने घ्या. तिथे थ्री-फेज वीज असते, बाजूला लेथवाला असतो, आणि चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) टांगायला गर्डर असतो. पार्किंगच्या स्लॅबमध्ये हूक ठोकून त्याला इंजिन टांगायचा मोह कुणालाही होतो. तो स्लॅब तसं वजन टांगण्यासाठी बांधलेला नसतो, आणि हूक निसटला तर खाली इंजिनासोबत माणूसही असतो. गर्डर नसेल तर चाकांची इंजिन क्रेन भाड्याने आणा.

वेळही जागेइतकीच महत्त्वाची. दिवाळीनंतर सुरुवात करा आणि मे संपायच्या आत गाडी स्वतःच्या पायावर उभी करा. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि मग चार महिने हवेत इतका ओलावा असतो की उघडा पडलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो. खाडीजवळ, म्हणजे कोपरी, ऐरोली, वाशी, बेलापूर भागात, खारी हवा त्यात भर घालते. सखल भागातल्या स्टिल्टमध्ये पाणी शिरतं ते वेगळंच.

४. आधी पत्रा, मग इंजिन

इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, सडलेली बॉडी मात्र नवी मिळत नाही. म्हणून पैसे बाहेर काढण्याआधी गाडीचा सांगाडा तपासा. दोन वस्तू लागतात : एक जाड स्क्रू ड्रायव्हर आणि एक छोटी हातोडी.

चटई, कार्पेट, खालचा डांबरी थर सगळं काढा. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा बघा. ॲसिड गळून तो हमखास खाल्लेला असतो. मग ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, दाराखालचा रनिंग बोर्ड, स्टेपनीची खोबण, मागच्या चाकांच्या कमानी. हे सगळं कापून नवा पत्रा जोडता येतो. खरी भीती वेगळ्याच जागांची आहे : पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बॉडीला बोल्टने धरलेले असतात ते टॉवर, चाकांच्या लोअर आर्मचे बोल्ट ज्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या पट्टीला) आहेत तो, आणि इंजिन माउंटिंग ज्या पट्ट्यांवर बसतात त्या. इथे हातोडी हळू मारत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो. सडलेला पत्रा दबका, बद्द आवाज देतो. बद्द आवाजाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर टेकवून अंगठ्याने दाबा. रंगाचा पापुद्रा फुटून टोक आत गेलं, आणि बाहेर काढताना टोकाला ओलसर तपकिरी भुकटी चिकटून आली, तर तिथे रंग आणि पुट्टीच काय ती उरली आहे.

टॉवर किंवा क्रॉसमेंबर असे निघाले तर मी ती गाडी सोडून दुसरी शोधायचा सल्ला देईन. वरून पट्टी मारून देतो म्हणणारे भेटतील. पण जास्त ताकदीचं इंजिन, वरून घोडबंदरचे खड्डे, आणि आत बसलेली तुमची माणसं. एवढा भार त्या पट्टीवर सोपवू नका.

पत्र्याचं काम करायचं ठरलं तर ते आत्ताच, गाडी चालती असताना करून घ्या. को-टू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून होणारं) वेल्डिंग करणारा डेंटर शोधा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. सांध्यांवर झिंकयुक्त प्रायमर, त्यावर सीलर, आणि बंद पोकळ्यांमध्ये मेणाचा फवारा मारून घ्या. रनिंग बोर्डच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी छोटी भोकं असतात ती डेंटर हौसेने बुजवतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

५. इंजिन निवडणं

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या फेरीत खरेदी करू नका, फक्त बघा आणि विचारा. शक्य असेल तर सुटं पडलेलं इंजिन टाळा आणि अपघातात मागून ठोकलेली पण चालू होणारी गाडी शोधा. इंजिन गाडीतच सुरू करून ऐकता येतं आणि त्यासोबतचे शेकडो बारीक भाग एकत्र मिळतात.

ऐकताना कान वरच्या टकटकीवर लावण्याऐवजी खालच्या जड ठोक्यावर लावा. वरची टकटक ॲडजस्टमेंटने जाते. खालून, रेस सोडताना येणारा जड ठोका म्हणजे बेअरिंग गेलेली. ऑइलचं झाकण उघडा. आतून कॉफीसारखा फेस चिकटलेला असेल तर पाणी आणि ऑइल कुठेतरी मिसळतंय. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. गेज स्वतःचं न्या. साधं गेज नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात मिळतं. इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले हवेत, इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी काढलेली हवी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा आणि बॅटरी ताजी हवी. गेज एका भोकात घट्ट बसवा आणि स्टार्टर मारायला सांगा. काटा पहिल्या फेरीतच अर्ध्याच्या वर उडी मारतो, मग ठोक्याठोक्याने चढत जातो आणि पाच-सहा ठोक्यांत स्थिरावतो. तो आकडा लिहा, गेज मोकळं करा, पुढच्या सिलिंडरला लावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १७० पीएसआयच्या वर आकडा यावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक बराच खाली असेल तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन्ही खाली असतील तर हेड गॅस्केट बघा. विकणारा हे मोजू देत नसेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता सगळ्यात महागडा सापळा. भंगारवाले इंजिन उतरवताना वायरिंग कटरने कापतात, कारण त्यांना घाई असते. एमपीएफआय इंजिन कापलेल्या वायरिंगसह घेतलंत तर तुम्ही निम्मंच इंजिन घेतलं आहे. सौदा करतानाच सांगा की हे सगळं एकत्र आणि न कापता हवं :

– ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), आणि त्यापासून निघणारं पूर्ण वायरिंग, फ्यूज बॉक्स आणि रिले यांच्यासह
– त्याच गाडीची चावी, इग्निशन स्विच आणि इमोबिलायझरचं युनिट
– थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप), सगळे सेन्सर, ॲक्सिलरेटरची केबल
– गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरची लिंकेज
– स्पीड सेन्सर आणि शक्यतो मीटरही
– इंजिन आणि गिअरबॉक्सची सगळी माउंटिंग, कंसांसकट (ब्रॅकेट)
– फ्युएल पंप, इंधनाच्या लाइनी, चारकोल कॅनिस्टर
– एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर
– रेडिएटर, पंखा, सगळे होज

इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावी आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. ईसीएम एका गाडीचा आणि चावी दुसरीची असेल तर स्टार्टर फिरेल पण इंजिन पेट घेणार नाही. ऑक्सिजन सेन्सर ‘नसला तरी चालतं’ असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका. त्याच्याशिवाय इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि पीयूसीला अडकतं.

६. मोजमाप

इंजिन घरी आलं, पण जुनं अजून गाडीतच आहे आणि गाडी चालते आहे. आता मोजा.

नव्या इंजिनाची लांबी, रुंदी, सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळापासून वरच्या टोकापर्यंतची उंची घ्या. मग गाडीत बघा : सम्प आणि क्रॉसमेंबर यांच्यात किती जागा राहील, थ्रॉटल बॉडी बोनेटला लागेल का, पुढे रेडिएटर आणि पंखा बसेल का, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या रॉडपासून आणि ब्रेकच्या पाइपांपासून लांब राहील का. इंजिन चालताना डोलतं, म्हणून कुठेही बोटभरापेक्षा कमी जागा सोडू नका. पुठ्ठ्याचे साचे कापा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा यासाठी उत्तम. माउंटिंगच्या भोकांचा साचा पुठ्ठ्यावर आखून गाडीच्या पट्ट्यांवर धरून बघितला की फॅब्रिकेटरला नेमकं काय सांगायचं ते कळतं.

ड्राइव्ह शाफ्टचं विसरू नका. गिअरबॉक्सच्या बाजूची खाच एका गाडीची आणि चाकाच्या हबची दुसऱ्या गाडीची, असं होऊ शकतं. दोन्ही टोकांचे दाते मोजा, व्यास मोजा, लांबी मोजा. शाफ्ट कापून जोडून घेण्याच्या फंदात पडू नका. चुकीच्या जोडाचा शाफ्ट वेगात तुटतो.

७. इंधन, वीज, पाणी, ब्रेक

ही सगळी कामंही जुनं इंजिन चालू असताना बरीचशी करून ठेवता येतात.

इंधनाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण आग इथूनच लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरचा यांत्रिक पंप जेमतेम पाव बारच्या आसपास दाब देतो. एमपीएफआयला सुमारे ३ बार लागतो. जुने रबरी पाइप आणि साध्या क्लिपा त्या दाबाला टिकत नाहीत. पाइप निसटून गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा उडतो. इंजेक्शनसाठीचेच पाइप घ्या, स्क्रूच्या पूर्ण गोल क्लिपा वापरा, जिथे जमेल तिथे धातूची लाइन टाका. जुन्या टाकीत पंप बसवायला भोक नसतं. म्हणून एक तर एमपीएफआय मॉडेलची टाकी मापं जुळवून घ्या, नाहीतर टाकीबाहेर लावायचा पंप घ्या आणि तो सायलेन्सरपासून लांब, टाकीच्या पातळीला किंवा खाली बसवा. रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) लागते का तेही आधी बघा.

आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, भेगाळतं. पाइप, ओ-रिंग, टाकीच्या झाकणाचं वायसर, सगळं इथेनॉलला चालणारं घ्या. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं. काम लांबणार असेल तर टाकी भरून ठेवण्यापेक्षा रिकामी करून ठेवा, नाहीतर आत गंज धरतो.

वायरिंग जुन्या गाडीच्या वायरिंगला मध्येच जोडू नका. इंजिनाचं वायरिंग स्वतंत्र राहू द्या; त्याला बॅटरीकडून फ्यूजमधून एक जाड वायर, इग्निशनची एक, स्टार्टरची एक आणि चांगली अर्थ एवढ्यावर ते उभं राहतं. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशा अर्थच्या दोन्ही पट्ट्या नव्या घ्या. अर्थ कमजोर असली की सेन्सर चुकीचे आकडे देतात आणि माणूस आठवडेच्या आठवडे सेन्सरच बदलत बसतो. प्रत्येक वायरला चिकटपट्टीचं लेबल लावा. त्यावर मार्करने लिहू नका, घामाने आणि ऑइलने ते पुसतं. पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप मारा.

रेडिएटर नव्या इंजिनाचाच लावा. ठाण्यातल्या मे महिन्यात, माजिवड्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिल्यावर कमजोर रेडिएटर लगेच उघडा पडतो.

ब्रेक इंजिनाच्या आधी. तुमच्या ८०० ला ब्रेक बूस्टर आहे का ते बोनेट उघडून बघा. नसेल तर तो बसवायची ही वेळ. होज नवे, ब्रेक ऑइल नवं, मास्टर सिलिंडर तपासलेला, हे झाल्यावर गाडी एक-दोन आठवडे जुन्याच इंजिनावर चालवून ब्रेकची खात्री करा.

८. हत्यारं

गोटी पान्यांचा पूर्ण सेट (१०, १२, १४, १७ हे आकडे मारुतीत सतत लागतात), रिंग पाने, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, चार मजबूत स्टँड, हायड्रॉलिक जॅक, चेन ब्लॉक किंवा क्रेन, तेल धरायला पसरट घमेली, आणि झिपच्या पिशव्यांचा गठ्ठा. प्रत्येक पिशवीत एका जागेचे बोल्ट आणि त्यावर जागेचं नाव. आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवंच. कोरड्या पावडरचं, मुदत न संपलेलं.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. विटा आणि लाकडी ठोकळे यांवरही नाही.

९. इंजिन उतरवायचा आठवडा

नव्या इंजिनाची बाहेर असतानाच करायची कामं उरका : टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, पाण्याचा पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग, थर्मोस्टॅट. गाडीत बसल्यावर यातल्या प्रत्येक कामाला दिवस जातो, बाहेर अर्धा तास.

उतरवायच्या तीन-चार दिवस आधीपासून एक्झॉस्टच्या, माउंटिंगच्या आणि शाफ्टच्या नटांवर रोज गंज सोडवणारं तेल मारा. कोरड्या नटाला जोर लावला की स्टड तुटतो आणि मग लेथवाल्याकडे जावं लागतं. इंजिनाची जागा डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्या, फोटो प्रत्येक बाजूने काढा, विशेषतः व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचे.

एसी असेल तर गॅस एसीवाल्याकडे मशिनने काढून घ्या. नळी सैल करून हवेत सोडू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कूलंट घमेल्यात धरा आणि लगेच झाकणाच्या कॅनमध्ये ओता. चवीला ते गोड असतं आणि विषारी असतं. पार्किंगमधली मांजरं-कुत्री चाटून मरतात. काळं ऑइल गटारात ओतायचं नाही. इथलं गटार नाल्याला आणि नाला ठाणे खाडीला मिळतो. तीच खाडी, जिथे दर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात आणि जिला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला. ऑइल कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या जे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे पाठवतं. विचारलंत तर ते सांगतात कुणाकडे देतात.

इंजिन वरून काढणार की खालून, हे आधी ठरवा. खालून काढायचं तर पुढचा भाग बराच उचलावा लागतो आणि स्टँड तेवढे उंच हवेत. वरून काढायचं तर बोनेट आणि रेडिएटर आधी बाजूला. दोन माणसं हवीतच : एक चेनवर, एक इंजिनाच्या बाजूला, आणि इंजिनाखाली कुणीच नाही. उचलताना दर वीतभराला थांबा आणि राहिलेली वायर, नळी, केबल शोधा. इंजिन अडलं की चेन ओढू नका. काहीतरी सोडायचं राहिलं आहे.

इंजिन निघाल्यावर पुढचा भाग हलका होऊन वर येतो, म्हणून मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावून ठेवा. उघडी पडलेली ब्रेकची आणि इंधनाची टोकं बुचांनी बंद करा. नवीन इंजिन आधी माउंटिंगवर फक्त टेकवून बघा, बोनेट लावून बंद होतं का ते पाहा, आणि मगच कंसांचं पक्कं वेल्डिंग करून घ्या.

जुनं इंजिन लगेच भंगारात घालू नका. आरटीओची तपासणी होऊन आरसीवर नवा इंजिन नंबर येईपर्यंत ते ताडपत्रीखाली, लाकडी पाटावर ठेवा; निरीक्षक जुना नंबर बघायला मागू शकतात. आरसी हातात आली की विमा कंपनीला नव्या नंबरासह कळवा आणि पॉलिसीवर तो चढवून घ्या. त्यानंतर जुनं इंजिन विकलंत तर तुम्हीही त्याच पद्धतीने बिल द्या : इंजिन नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि आरसीची प्रत सोबत.